कोतवाल-बुकातील ‘ताप’ आणि मजुरांच्या हकीकती

इ. स. २०२३ च्या सप्टेंबर महिन्यात कुणबी नोंदींच्या शोधाकरिता निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांची समिती नेमली गेली, आणि तेव्हापासून पुढे कित्येक महिने तालुक्याच्या कचेऱ्यांतील अभिलेख-कक्षांत जी गर्दी लोटली ती आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी प्रत्यक्ष पाहिली असेल. कित्येक तर त्या गर्दीत स्वतःच उभे असतील. वर्षानुवर्षे कोणी न सोडलेले रुमाल सुटले, धूळ झटकली गेली, आणि ज्या कोतवाल-बुकांस एरवी वाळवीखेरीज कोणी वाचक नव्हता ती एकाएकी मोलाची झाली. आम्हांस वडिलांच्या कृपेने मोडी थोडीबहुत वाचता येते. म्हणून आप्तेष्टांच्या आग्रहावरून आम्हीही त्या कामास बसलो. कोतवाल-बुक म्हणजे गावच्या जन्ममृत्यूंची नोंद. त्यात मयताचे नाव, जात, वय, मरणाची तारीख आणि मरणाचे कारण असे रकाने असतात. येणाऱ्या प्रत्येकाचे बोट ‘जात’ ह्या रकान्यावरून खाली सरकत असे, व ते साहजिकच होते. आमची दृष्टी मात्र एके दिवशी कारणाच्या रकान्यात अडकली ती अडकलीच.

सन १९१८ च्या आश्विन-कार्तिकाची ती पाने होती. गाव लहान. एरवीच्या सालात ज्या गावाचे महिन्याचे मृत्यू चार-दोन ओळींत संपतात, त्या गावाची त्या महिन्यात पानेच्या पाने भरलेली. एकाच दिवशी एकाच घरातील सासू, सून आणि तान्हे मूल. आणि कारण काय? ‘ताप’. त्याखाली ‘ताप’. त्याखाली ‘सदर’, पुन्हा ‘सदर’, असे पानाच्या तळापर्यंत. लिहिणाऱ्याचा हातही पुढे पुढे थकलेला दिसतो. अक्षर मोठे व वाकडे होत जाते, आणि एका ठिकाणी ते बदलतेच. पहिल्या लिहिणाऱ्याचे काय झाले हे त्या बुकात लिहिलेले नाही.

हा ‘ताप’ म्हणजे इन्फ्ल्युएंझा. आमचे आजे-पणजे ज्यास मानमोडी म्हणत ती साथ. १९१८ च्या जूनमध्ये ती मुंबईत दिसली, आणि सप्टेंबरापासून दुसऱ्या लाटेत खेडोपाडी पसरली. हिंदुस्थानात तिने किती माणसे नेली ह्याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत आहेत. लक्षावधी माणसांचा फरक ज्या मोजणीत पडतो ती मोजणी कशी झाली हे पाहण्यासारखे आहे. गावकामगारांनी ‘ताप’ लिहिले, वरच्या कचेरीने तापांची बेरीज केली, आणि पुढे विद्वानांनी नेहमीच्या सालातील तापांची बेरीज तीतून वजा करून मानमोडीचे बळी ठरविले. १९११ ते १९२१ ह्या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. शिरगणतीच्या इतिहासात असे दशक तेवढे एकच. आकडे येणेप्रमाणे आहेत, व ते असणे अवश्यच आहे. परंतु आम्ही शेतकरी आहोत, आणि शेतकऱ्याच्या मनात ह्या आकड्यांपुढे जे प्रश्न उभे राहतात त्यांपैकी एकाचेही उत्तर त्यांत सापडत नाही. त्या साली पाऊसही दगा देऊन गेला होता. मग जे काही खरिपाचे पीक उभे होते ते कोणी कापले? सालगडी तापाने पडला तेव्हा मालकाने त्यास भाकर पोहोचती केली, की वस्तीवरून काढून दिले? त्याच्या उरलेल्या सालाचा हिशेब कसा झाला? रब्बीची पाभर कोणी धरली? बाप व मुलगा दोघेही गेलेल्या घरातील बाईने मजुरीस जाऊ लागल्यावर तान्हे मूल कोठे ठेवले?

ह्यांतील मालकाच्या बाजूचे थोडेफार आपल्या घरांत तोंडी उरले आहे. गड्याच्या बाजूचे काहीच उरले नाही. हिंदीतील कवी सूर्यकांत त्रिपाठी ‘निराला’ ह्यांची पत्नी व घरची अनेक माणसे ह्याच साथीत गेली, आणि त्यांनी ती आठवण पुढे ‘कुल्ली भाट’ ह्या पुस्तकात लिहून ठेवली. म्हणून गंगाकाठच्या डलमऊची त्या दिवसांतील दशा आज कोणासही वाचावयास मिळते. निराला लिहिणारे होते. आपल्याकडील सालदार, पाणक्या, मोटेवरचा गडी, निंदणीची बाई ह्यांपैकी लिहिणारे कोण होते? विलायतेत रिचर्ड कॉलियर नावाच्या लेखकाने त्या साथीतून वाचलेल्या लोकांकडून पत्रांनी आठवणी मागविल्या, १९७४ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि ती शेकडो पत्रे आज लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये जपलेली आहेत. पण ते सुचण्यासही पन्नासांहून अधिक वर्षे लागली, आणि पत्र लिहू शकणाराच तेथे बोलू शकला.

मानमोडीच्या वीस-बावीस वर्षे आधीच्या प्लेगाचे तरी निराळे काय आहे? १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात तो आढळला. १८९७ साली साथरोगांचा कायदा झाला. पुण्यात रँडसाहेबाचा अंमल झाला व जूनमध्ये त्याचा वध झाला. त्याच साली मार्चात सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करिता करिता गेल्या, आणि त्यापूर्वी फेब्रुवारीत गिरणी-मजुरांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे गेले. हे सर्व आपणांस ठाऊक आहे, कारण ते लिहिले गेले. मुंबईहून जीव घेऊन सातारा-रत्नागिरीकडे पळालेला गिरणीचा कामगार गावाच्या वेशीवर आला तेव्हा गावाने त्यास आत घेतले की नाही, हे मात्र त्याच्या तोंडून ऐकणारा व लिहून ठेवणारा कोणी भेटला नाही.

आता हे पुराण आम्ही का लावले ते सांगतो. आपण स्वतः जिवंतपणी एक महामारी पाहिली आहे, आणि तिच्या बाबतीतही तीच गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत होऊ घातली आहे.

करोनाच्या मृत्यूंचे आकडे आहेत व त्यांवरून वादही आहेत. जन्ममृत्यू नोंदणीप्रमाणे देशात २०१९ साली सुमारे ७६ लक्ष मृत्यू नोंदले गेले, २०२० साली ८१ लक्ष, आणि २०२१ साली एक कोटी दोन लक्ष. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये ह्या दोन वर्षांतील जादा मृत्यूंचा अंदाज ४७ लक्ष सांगितला, व भारत सरकारने तो अमान्य केला. ह्या वादात आम्हांस पडावयाचे नाही. त्याकडे पाहणारे जाणते लोक आहेत. परंतु सप्टेंबर २०२० मध्ये, टाळेबंदीत गावी परतताना किती स्थलांतरित मजूर मृत्यू पावले असा प्रश्न लोकसभेत निघाला, तेव्हा मजूर-खात्याचे लेखी उत्तर आले की तशी माहिती ठेवलेली नाही. त्याच उत्तराच्या सुमारास एक कोटीहून अधिक मजूर आपापल्या राज्यांत परतल्याचा आकडाही संसदेत देण्यात आला. एक कोटी माणसे चालली, हे दप्तरात आहे. त्यांचे वाटेत काय झाले, हे दप्तरात नाही. ८ मे २०२० रोजी पहाटे जालन्याहून पायी निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर झोपेतच मालगाडीखाली आले, ते तेवढे सर्वांस ठाऊक झाले. कारण त्यांच्या विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र छापून आले.

ह्या गोष्टीत आमचाही हात आहे, आणि तो सांगितल्यावाचून पुढे लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये आम्ही नोकरीत होतो व आमची नेमणूक तालुक्याच्या हद्दीवरील नाक्यावर होती. २५ मार्चपासून देश बंद झालेला. कारखाने मात्र बऱ्याच ठिकाणी चालू होते, कारण ऊस फडात उभा होता. आणि जेथे गाळप संपले होते तेथील ऊसतोडीच्या टोळ्या कोप्यांत अडकून पडल्या होत्या. त्यांस गावी जाऊ देण्याचा निर्णय एप्रिलच्या मध्यानंतर झाला. त्याच्या आधीच काही टोळ्या रात्रीच्या रात्री बैलगाड्या जुंपून निघाल्या होत्या, आणि त्यांपैकी एक आमच्या नाक्यावर अडविली गेली. त्यांची नावे लिहून घेऊन शाळेत बसवावे एवढे आमचे काम. तक्त्यात रकाने होते: अनुक्रमांक, नाव, वय, मूळ गाव, कोठून आले, मोबाइल क्रमांक, ताप आहे किंवा नाही.

पुन्हा तोच ‘ताप’.

टोळीतील एक पन्नाशीचा मनुष्य नाव-गाव सांगून झाल्यावर जागचा हलेना. म्हणाला, “भाऊसाहेब, बैलांचं बी लिहा.” आम्ही म्हणालो, “बैलांचा रकाना नाही, बाबा.” त्यावर तो म्हणाला, “मंग कुठंतरी कडंला लिहा. चार दिस झाले, नुसत्या वाढ्यावर हायेत. रस्त्यात एका वस्तीवर पाणी पाजाय थांबलो तर लोकांनी दगडं मारली. माणसाला मारली आसती तर आमी सोसलं आसतं.” त्याच्यामागे त्याची बायको उभी होती. तिचे नाव आम्ही विचारले तेव्हा तोच पुढे होऊन म्हणाला, “माझ्याच कोयत्यात हाय ती.” आम्ही रांग लांबलेली पाहून “पुढे चला” म्हटले.

तो मनुष्य जे सांगत होता ते लिहिण्यास आम्हांस एक मिनिट लागले असते. कागद होता, लेखणी होती, मागे कोणी साहेबही उभा नव्हता. कुलकर्ण्यांच्या लेखणीवर जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथात जे कोरडे ओढले ते लबाडीच्या लेखणीवर होते; आमच्या लेखणीत लबाडी नव्हती, पण रकान्याबाहेर न जाण्याची जी सवय कारकुनास लागते तिचे फळ पुष्कळदा तेच होते असे आता वाटते.

बरे, जे रकान्यात लिहिले ते तरी राहील काय? महसुली दप्तराची रीत सभासदांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल म्हणून सांगतो. कागदाचे काम संपले की त्यास वर्ग दिला जातो. ‘अ’ वर्गाचा कागद कायम राहतो, ‘ब’ चा तीस वर्षे, ‘क-१’ चा दहा वर्षे, ‘क’ चा पाच वर्षे, आणि ‘ड’ चा एक वर्ष. मुदत भरली की कागदाचे नाशन होते. हे वाईट आहे असे नाही. तसे न केले तर कचेरीत माणसांस बसण्यास जागा उरणार नाही. नाक्यावरच्या याद्या, शाळांतील निवाऱ्यांची हजेरी, प्रवासाच्या परवानगीचे अर्ज, शिजविलेल्या अन्नाच्या पावत्या हे कागद कोणत्या कचेरीने कोणत्या वर्गात घातले असतील ते असोत. पण तीस वर्षांच्या अनुभवावरून इतके सांगतो की असल्या कागदास ‘अ’ द्यावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. २०२० च्या कागदांची पाच वर्षे २०२५ मध्ये भरली. पुष्कळशा पावत्या उष्णतेने छापणाऱ्या यंत्रावर निघालेल्या. त्या नाशनाची वाटही पाहत नाहीत, आपोआपच कोऱ्या होतात.

आता आपल्या बाजूकडे पाहू. टाळेबंदीत शेतकऱ्याचे जे झाले ते लिहिण्यात आपण मुळीच कमी पडलो नाही. द्राक्षे वेलीवरच राहिली किंवा मिळेल त्या भावाने दिली, कलिंगडे बांधावर टाकली, फुले उपटून टाकली, बाजार-समित्या कधी उघड्या तर कधी बंद, ह्या सर्व गोष्टी वर्तमानपत्रांत आल्या, निवेदनांत आल्या, असल्या मासिकांतून आल्या. त्या खऱ्या होत्या व त्या आल्या हे योग्यच झाले. २७ मार्च २०२० रोजी केंद्राच्या गृहखात्याने शेतीची कामे व शेतमजूर ह्यांस बंदीतून मोकळीक दिली, तीही अशा ओरडीचाच परिणाम. परंतु ज्याच्या हाताने ती द्राक्षे उतरली, ज्याने मुसके बांधून कांदा काढला, त्याच्या तोंडचे एक वाक्य आमच्या संघाच्या सगळ्या दप्तरात आम्हांस सापडले नाही. पुढे पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासू मनुष्य ह्या काळाचा इतिहास लिहावयास बसेल तेव्हा त्यास आपले नुकसान रुपया-आण्यांपर्यंत कळेल, आणि मजूर म्हणजे त्या नुकसानीचे एक कारण, ‘मजूर मिळेनात’, एवढाच कळेल.

ह्यावर तीन आक्षेप आम्ही संघाच्या बैठकीत ऐकले. ते गंभीर मंडळींचे आहेत म्हणून त्यांचा विचार करितो.

एक गृहस्थ म्हणाले, हल्ली सर्व काही मोबाइलवर आहे. लोकांनी त्या दिवसांत स्वतःच चित्रे काढली, बोलणी टिपली. वेगळे लिहावयाचे ते काय? त्यांस आम्ही विचारले, आपला २०२० सालचा मोबाइल कोठे आहे? ते हसले. मजुराचा मोबाइल तर पावसात, फडात, गाडीवरून पडण्यात दोन वर्षेही टिकत नाही. ज्या कोतवाल-बुकाची आपण आज पूजा करितो ते शंभर वर्षे राहिले, ते जाड कागदावर शाईने लिहून रुमालात बांधले म्हणून.

दुसऱ्यांचे म्हणणे असे की मजूर वाटेल ते सांगेल. पाच-सहा वर्षांनी खरे काय आठवते? आठवण चुकते हे आम्हांस मान्य आहे. आपल्या बांधाच्या भांडणात आपल्या आठवणी किती चुकतात हे आम्ही मोजणीच्या वेळी पाहिले आहे. पण म्हणून कोणी जबाब घेणे सोडीत नाही. सांगणाऱ्याने कोणत्या दिवशी, कोणापुढे, कोठे बसून सांगितले हे हकीकतीच्या माथ्यावर लिहिले म्हणजे पुढचा वाचक तिचे वजन आपले आपण करील. शिवाय चुकलेली आठवणही काहीतरी सांगते. ‘चार दिवस’ हे कदाचित दोन असतील. दगड मात्र त्याच्या मनातून गेलेले नाहीत.

तिसरा आक्षेप खरा अडचणीचा आहे, व तो कोणी मोठ्याने बोलला नाही. तो असा की मजूर बोलू लागले तर ते आपल्याविरुद्ध बोलतील. होय, बोलतील. कित्येक गावांनी वेशीवर काटेरी फांद्या टाकल्या. आमच्या गावानेही टाकल्या, आणि आम्ही त्या पाहून ‘बरे झाले’ असेच मनात म्हटले. पुण्या-मुंबईहून आलेल्या आपल्याच भावकीस आपण शेतातल्या खोलीत ठेवून डबा पोहोचविला. कोपीतल्या माणसास तेवढेही केले नाही. कोणी मजुरी अडवून ठेवली, कोणी उचलीत वळती करून घेतली. उलट, ज्यांनी टोळीस महिनाभर दाणागोटा दिला, ज्या बायांनी आडोशाने भाकरी नेऊन ठेवल्या, अशीही घरे प्रत्येक गावात होती. ह्यांची नावे मालक स्वतः सांगेल तर बढाई वाटेल. मजूर सांगेल तर ती नोंद होईल. आपल्या बाजूचे जे चांगले आहे तेही मजुराच्या तोंडूनच पुढे जाईल, आणि वाईट गाळून चांगले तेवढे घेणारा कागद कोणी खरा मानणार नाही.

म्हणून आमची सूचना अशी की आपल्या संघाने हे काम अंगावर घ्यावे. पी. साईनाथ ह्यांनी २०१४ साली स्थापिलेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ ह्या संस्थेने टाळेबंदीतील मजुरांच्या अनेक हकीकती प्रसिद्ध केल्या आहेत व त्यांतील कित्येक मराठीतही आहेत. ते काम मोठे आहे, पण प्रत्येक फडावर आणि प्रत्येक वस्तीवर पोहोचणे कोणत्याही एका संस्थेस शक्य नाही. आपण तेथे रोज जातो.

ते करावे कसे, ह्याविषयी आमचा थोडा अनुभव उपयोगी पडेल. आम्ही नोकरीत शेकडो जबाब लिहिले. मनुष्य कोणीही असो, कोणत्याही बोलीत बोलो, कागदावर त्याचे ‘मी विचारल्यावरून लिहून देतो की’ असे होत असे, आणि खाली त्याचा अंगठा. ते जबाब आज वाचले तर शेकडो माणसे एकाच कारकुनाच्या तोंडाने बोलत आहेत असे दिसेल. ही चूक येथे करू नये. तो ‘व्हतं’ म्हणाला तर ‘व्हतं’ लिहावे. जेथे तो थांबला तेथे ‘थांबला’ असे लिहावे. ‘तुम्हांस कसे वाटले?’ हा प्रश्न विचारूच नये. त्यास शहाणा मनुष्य ‘काय वाटायचं!’ एवढेच उत्तर देतो. बंदी झाल्याचे कोणी सांगितले, त्या दिवशी गाठीस किती पैसे होते, मुकादमाकडे उचल किती फिटावयाची होती, कोणत्या रस्त्याने आलात, पाणी कोठे मिळाले व कोठे नाकारले, रात्री मुले कोठे निजविली, गावच्या शाळेत किती दिवस ठेवले, तेथे जेवण कोणी दिले, घरी कोणी गेले असल्यास मातीस पोहोचता आले काय, असे विचारावे. मग गप्प बसावे.

बायकांची हकीकत वेगळी घ्यावी. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशेबात नाव नवऱ्याचे. आमच्या तक्त्यात ती बाई जशी ‘त्याच्या कोयत्यात’ गेली तशी हकीकतीतही जाऊ नये. आणि ती घेण्यास बाईच असावी. गावोगाव आशा-सेविका आहेत, त्यांनी त्या दिवसांत घरोघर जाऊन ताप मोजले आहेत, आणि त्यांची स्वतःची हकीकतही कोणी विचारलेली नाही.

लिहिणारा कोण असावा? मालक नसावा. ज्याच्याकडून उचल घेतली, किंवा ज्याच्या बांधावर उद्या कामास जावयाचे, त्याच्यापुढे कोण मोकळे बोलेल? मुकादम तर मुळीच जवळ नसावा. मजुरांचीच पुष्कळ मुले आज दहावी-बारावीपर्यंत शिकली आहेत. आई-बापांची हकीकत मुलांनी लिहावी, व त्यांच्या श्रमाचे दाम संघाने द्यावे. मागाहून प्रत्येक हकीकत सांगणाऱ्यास वाचून दाखवावी, नको म्हणेल ते खोडावे, आणि नाव घालावे की नाही हे त्यासच विचारावे. नको म्हटले तर नाव वेगळ्या कागदावर पाकिटात बंद करून, त्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत न उघडता ठेवावे. मजुरीच्या दाव्यास हा कागद कोणीही वापरणार नाही असे सभासदांस आश्वासन हवे असेल तर ते आम्ही देऊ शकत नाही, व देऊही नये. ज्याची मजुरी खरोखरच राहिली आहे त्याने ती मागावी, आणि आपण ती द्यावी.

एक प्रत सांगणाऱ्याच्या घरी, एक संघाच्या दप्तरात, आणि एक दूर कोठेतरी, अशा तीन प्रती असाव्यात. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या घरांतील जुने कागद गोळा करीत, आणि १८९८ साली त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्याचा पहिला खंड काढला. पुढे १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्यातही तेच अग्रेसर होते. त्यांस कागद मिळाले ते कोणीतरी पूर्वी लिहून ठेवले होते म्हणून, आणि तो लिहिणारा बहुधा दप्तरदार, वकील किंवा कारकूनच असे. आपणांस तो कागदच प्रथम निर्माण करावयाचा आहे. मंडळासारख्या एखाद्या संस्थेने एक प्रत ठेवून घेतल्यास उत्तम. संघाच्या चिटणीसांनी त्यांस विचारून पाहावे.

खर्चाचा अंदाज आम्ही बैठकीपुढे ठेवणार आहो. तो एका फवारणी-यंत्राच्या किमतीहून अधिक होत नाही.

वेळेविषयी मात्र दिरंगाई चालणार नाही. दसरा झाला की टोळ्या बाहेर पडतील, आणि पुढचे पाच-सहा महिने त्या माणसांस श्वास घेण्यासही फुरसत नसते. पहाटे गाडी भरावयाची, दुपारी कारखान्यावर रांग, रात्री पुन्हा फड. हकीकती घ्यावयाच्या तर त्याआधी त्यांच्या गावी जाऊन, किंवा मग पट्टा पडल्यानंतर.

नाक्यावरच्या त्या मनुष्याचा मोबाइल क्रमांक आम्ही त्या रात्री आमच्या खिशातील वहीतही लिहिला होता. का लिहिला ते आज सांगता येत नाही. गेल्या महिन्यात तो लावून पाहिला. उचलणारा मनुष्य निराळाच निघाला. त्यास तो क्रमांक नवीनच मिळाला आहे. परंतु गावाचे नाव वहीत आहे, व त्या गावचे एक शिक्षक आमच्या ओळखीचे निघाले. त्यांचे उत्तर आले आहे की तो गृहस्थ हयात आहे, बैल विकले, आणि यंदाही जोडीने तोडीस जाणार आहे. सर्वपित्रीच्या आत आम्ही तेथे जाऊन येणार आहो. सोबत येऊ इच्छिणाऱ्या सभासदांनी, विशेषतः बायकांची हकीकत घेण्यास एखाद्या भगिनीने, संघाच्या कचेरीत आपले नाव द्यावे.